सासूबाईंच्या बाजेला कोणती दोरी

माझे हात रिकामे राहत नाहीत. हा गुण नसून खोड आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. टीव्ही बघताना मी पडद्याच्या दोरीला गाठी मारतो, फोनवर बोलताना चार्जरच्या वायरीला. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या एका गाळ्यावर मी लिखापढीचं काम करतो. तिथे एकदा शेठ काहीतरी समजावून सांगत होते आणि मी ऐकता ऐकता त्यांच्या चष्म्याची दोरी खुर्चीच्या हाताला बांधून ठेवली. शेठ उठले. चष्मा उठला नाही.

या खोडीला मोबाइलने खतपाणी घातलं. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला माणूस जंगलात जातो, सोबत एक सुरी आणि थोडी दोरी. संध्याकाळपर्यंत त्याची झोपडी उभी, खाट उभी, चूल पेटलेली. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळं नुसतं बांधलेलं. मी ते बघत जेवायचो, बघत दात घासायचो. मग मनगटावर पॅराशूटच्या दोरीचं नारिंगी कडं आणि कपाटात घडीची सुरी आली. खारघरच्या डोंगरात जाऊन मी एक झोपडीही बांधली. ती उभी राहिली, मी आत गेलो, मग ती बसली.

दाढीवाला एक प्रश्न सारखा विचारायचा. बांधायला जंगलातलं घ्यावं की कारखान्यातलं? साल, वेल, मुळ्या, काथ्या, की नायलॉन? मी अर्थातच जंगलाच्या बाजूचा. उलव्यात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जंगलाची बाजू घ्यायला काही जात नाही.

मग सासूबाई आल्या आणि हा प्रश्न एकदम घरचा झाला.

त्या साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यापासून गावी एकट्या राहतात. थंडीत ओट्यावरून घसरल्या, मनगट मोडलं, म्हणून बायकोने त्यांना उचलून इकडे आणलं. मनगट जुळलं, पण बाई काही टेकेना. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. विमान गेलं की वर बघायचं, ट्रक गेला की खाली. गादीवर तर त्यांना झोपच लागायची नाही.

"गादीत मानूस बुडतं," त्या म्हणायच्या. "कापसात ठेवलेल्या द्राक्षावानी वाटतंया मला."

एके दिवशी त्यांनी गावी पुतण्याला फोन केला. रविवारी जीप घेऊन ये म्हणाल्या. बायकोने भांडी घासता घासता नळ बंद केला.

"आणि पुन्हा पडलीस तर? कोण बघणार तिथे?"

"लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायाचं? लोकं काय म्हनतील?" मग जरा नरम होऊन म्हणाल्या, "आन् झोप कुठं लागतीया? बाजलं असतं तर गोष्ट येगळी हुती."

बायको रडली नाही. रडली असती तर मी बाहेर जाऊन बसलो असतो. ती नुसती ओट्याला धरून उभी राहिली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आई, बाज मी बांधतो."

"विकत मिळते हो," बायको म्हणाली. "मागवू या ना."

"विकतची खिळ्यांची असते. मी बांधणार. एकही खिळा नाही."

सासूबाईंनी माझ्या मनगटावरच्या नारिंगी कड्याकडे बघितलं. आता मागे हटणं शक्य नव्हतं.

आधी नमुना म्हणून स्टूल केलं. सोसायटीतली घड उतरवलेली केळ कापून टाकली होती, तिच्या खोडाचं सोपट आणलं. खाडीच्या रस्त्याला भेंडीच्या झाडाची फांदी छाटून पडली होती, तिची साल सोलली. ओली साल म्हणजे काय सुख असतं. वळवाल तशी वळते, दात लावले तरी तुटत नाही. पोछ्याच्या जुन्या दांडक्यांना मी ती अशी करकचून गुंडाळली की स्टूल वाजवलं तर टणटण आवाज यायचा. दोन दिवस बाल्कनीत उन्हाला ठेवलं. मग दोघींना हॉलमध्ये बोलावून मी त्यावर बसलो.

ओली साल वाळली की आकसते, बारीक होते आणि बंध ढिला पडतो, हे दाढीवाल्याने सांगितलं असणार. मी तेव्हा बहुतेक दात घासत होतो. ते लग्नातल्या फेट्यासारखं आहे. बांधताना कडक आणि पंगत बसेपर्यंत कानावर. दांडकी चार दिशांना गेली आणि मी जागच्या जागी खाली.

"बसून दावलंत ते बरं केलंत जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "म्या बसले असते तर दुसरं मनगाट गेलं असतं."

म्हणजे साल बाद. गाळ्यावर गोण्यांची सुतळी पोत्याने पडलेली असते, तीही बघितली. पण ती पायाने ताणली की तंतू सुटायचे. मग सुंभाकडे वळलो. नारळाच्या काथ्याचा, राकट, हाताला टोचणारा. त्याचा पीळ जळला तरी जात नाही हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं, मग बाजेत कसा जाईल? शिवाय तो खरखरीत असल्यामुळे बांबूवर घसरत नाही.

"नायलॉन घ्या की," बायको म्हणाली. "कुजत नाही, तुटत नाही."

"नायलॉन नैसर्गिक नाही."

"तुमचा शर्ट नैसर्गिक आहे का?"

मी शर्टाच्या बाहीकडे बघितलं आणि विषय बदलला.

सुंभ ठरला, आता बांबू. जुन्या मच्छरदाणीच्या पलंगाचे चार उंच लाकडी खांब लॉफ्टवर होते, ते पायांना होणार होते. उलव्याचे डास बघता मच्छरदाणीचीही सोय. राहिले दोन लांब बांबू आणि आडवे तुकडे. कोपरखैरण्यात बोनकोड्याच्या गावठाणात एक दुकान आहे असं मार्केटातल्या एका माथाड्याने सांगितलं होतं. काम काय आहे हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुकान सापडलं. भिंतीला हिरवे बांबू टेकवलेले, वर सुंभाची वेटोळी लटकलेली, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. पाटी होती, पण बांबूंच्या मागे झाकलेली. मी मनातल्या मनात खूश. एकाच छपराखाली सगळं नैसर्गिक.

"लांब बांबू दोन," मी म्हणालो. "आणि आडवे तुकडे. बांधायला सुंभ."

दुकानदार उठून उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "कोन हाय? बाईमानूस?"

"हो. सासूबाई."

"उंचीला?"

"माझ्या खांद्याला लागतात."

"वजनदार हाईत का?"

"बोलण्यात," मी म्हणालो.

तो हसला नाही. मला जरा वाईट वाटलं, विनोद बरा होता. त्याने बांबू निवडून दिले, तुकडे मापात कापून दिले आणि विचारलं, "मडकं देऊ ना?"

मी विचार केला, सासूबाईंना फ्रीजचं पाणी चालत नाही. बाजेच्या उशाशी मडकं असेल तर काय शोभा येईल. "द्या," म्हणालो. "उन्हाळा आहे."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग सगळं स्वतः टेम्पोत ठेवून दिलं आणि निघताना हात जोडले. गिऱ्हाइकाला इतका मान देणारा दुकानदार मी मार्केटात आजवर बघितला नव्हता. टेम्पोवाल्यानेही गाणी बंद केली आणि उलव्यापर्यंत गाडी अशी जपून चालवली, की मी त्याला दोनदा म्हणालो, जरा दाबा की.

सोसायटीच्या गेटवर आमचा वॉचमन उभा राहिला. हा माणूस सेक्रेटरी आले तरी खुर्ची सोडत नाही.

"किसके लिए, साब?"

"सासूबाई के लिए."

त्याने टोपी काढली. मला वाटलं, उकडतंय.

बांबू लिफ्टमध्ये मावेनात, म्हणून पार्किंगमध्येच काम मांडलं. दोन बांबू समांतर ठेवले, त्यावर आडवे तुकडे, आणि एकेक सांधा सुंभाने आवळायला लागलो. मडकं शेजारी. हात चालायला लागले की मला जगाचं भान राहत नाही. काही वेळाने पाठीवर हात पडला. सोसायटीचे सेक्रेटरी होते, पांढऱ्या सदऱ्यात.

"एकटे कशाला करताय?" ते म्हणाले. "आम्ही आहोत ना. वडिलांच्या वेळी मीच बांधली होती."

यांच्याही घरात बाज होती तर. मला आपुलकी वाटली. "मग ही गाठ बघा बरं बरोबर आहे का."

ते उकिडवे बसले, दोरीचं टोक धरलं. "एवढ्या गाठी नका मारू. तिथे शेवटी कापावीच लागते."

मला वाटलं, उरलेल्या दोरीबद्दल बोलताहेत. आम्ही दोघे शांतपणे बांधत राहिलो. माणसं येऊन लांब उभी राहत होती, हात बांधून. इतक्या लोकांना जंगलविद्येची आवड आहे हे मला माहीत नव्हतं.

त्याच वेळी वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बायको दळण आणायला गेली होती. सासूबाई एकट्याच घरात. बेल वाजली, दार उघडलं, तर दारात पाचसहा बायका, तोंडं उतरलेली. सासूबाईंना इमारतीत कोणी ओळखत नव्हतं, त्या खाली उतरतच नव्हत्या. पण दारात अशा बायका आल्या की काय करायचं हे गावच्या बाईला शिकवावं लागत नाही. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, सगळ्यांना आत घेतलं, भिंतीला टेकून बसल्या आणि रडायला लागल्या. बायकाही रडल्या. एकीने पाठीवरून हात फिरवला. चांगला सूर लागल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले आणि शेजारणीला हळूच विचारलं, "पर गेलं कोन म्हनं?"

"ह्यांच्या सासूबाई. गावाहून आल्या होत्या ना, त्या."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे केला. "अगं बया," त्या म्हणाल्या. "ती मीच की."

 मग सासूबाईंनीच विचारलं, च्या टाकू का. बायका एकमेकींना धरून उठल्या. एक तर चपला विसरून गेली, त्या वॉचमनने नंतर आणून दिल्या.

दळण घेऊन परत येणाऱ्या बायकोला गेटवरच कोणीतरी मिठी मारली. ती पार्किंगमध्ये आली तेव्हा तिच्या केसांवर, गालावर पीठ होतं.

"हे काय आहे?"

"बाज."

"नीट बघा."

मी उठलो, दोन पावलं मागे गेलो आणि बघितलं. दोन हिरवे बांबू. आडवे तुकडे. सुंभ. शेजारी मडकं. बाजेचे चार पाय वर लॉफ्टवर होते, आणि पाय नसलेल्या बाजेला आपल्याकडे दुसरं नाव आहे. सेक्रेटरींनी हातातलं दोरीचं टोक सावकाश खाली ठेवलं.

"माझ्या आईसाठी," बायको म्हणाली, आणि केसांतलं पीठ झटकत राहिली. पुढचं बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. माणसं बाजूला झाली. त्या चौकटीपाशी आल्या, एका बांबूवर हात ठेवला. आता हसतील असं मला वाटलं, पण हसल्या नाहीत.

"तुमच्या सासऱ्यांची अशीच हुती," त्या म्हणाल्या. "लांबीला वाईच जास्त."

मग वळून लिफ्टकडे गेल्या. पुतण्या रविवारी येणारच होता, आता थांबवायला तोंड कुठे होतं?

मला झोप येईना. कूस बदलली की बायको पाठ फिरवायची. हाताला काहीतरी हवं होतं, उशीच्या अभ्र्याची नाडी होती, तिला गाठी मारत पडलो. चूक कुठे झाली? बांबूत नाही. सुंभात आहे, आणि सुंभही वाईट नाही, तो फक्त फार जुना आहे. आपल्या माणसांनी त्याला इतक्या वेळा त्याच कामासाठी हातात घेतलंय, की तो दिसला की डोळ्यांना तेच दिसतं. दाढीवाल्याच्या जंगलात ही अडचण नव्हती. त्याला त्याच्या काथ्यात कोणी मेलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावरून लवकर निघालो आणि खाडीकडच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे जाळ्यांच्या दुकानात नायलॉनची दोरी मिळते. पांढरी होती, निळी होती. मी पोपटी घेतली, इतकी पोपटी की अंधारातही दिसावी. पोपटी दोरीने आजवर कोणाला बांधून नेलेलं नाही. बांबूंची बांधलेली चौकट जिन्याने सातव्या मजल्यावर चढवली. दर मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून बघत होतं, आणि मी आधीच सांगत होतो, "बाज आहे. बाज. पाय वर आहेत."

सासूबाईंच्या खोलीतच सगळं जोडलं. सांध्याला आतून सुंभ तसाच ठेवला, कारण तो धरून ठेवतो. त्यावरून पोपटी नायलॉन, कारण तो वजन पेलतो. ही अक्कल मला कुठल्याही दाढीने दिली नाही, पडल्यावर आली. पण नायलॉनची भानगड अशी, की तो गुळगुळीत. निरगाठ मारा, पिळून मारा, सकाळपर्यंत गाठ सैल होऊन हसत बसलेली. शेवटी चिडून मी लायटर घेतला आणि प्रत्येक गाठ वितळवून टाकली. खोलीत घाण वास सुटला, गाठींचे हिरवे गोळे झाले, पण एकही हलेना.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. दोरीला हात लावून म्हणाल्या, "ह्यो रंग बरा हाय. ह्या रंगात कुनी जात न्हाई."

मग आत आल्या आणि समोर बसल्या. बाज विणायची होती. एक जण दोरी ओढतो, दुसरा धरतो. त्या बऱ्या हाताने ओढायच्या.

"आवळा की. जेवला न्हाई का?"

"आई, तुमची उलटी जाते आहे."

"माझी कशी उलटी? तुमीच डावीकडं बसलाय."

भांडत भांडत विणली. एक पट्टा चुकला तो तसाच राहिला, माझा की त्यांचा हे अजून ठरलेलं नाही. दुपारी त्या आडव्या झाल्या. बाज करकरली, मी श्वास धरला, बाज थांबली. थोड्या वेळात घोरणं ऐकू आलं. बायको दारात आली, बघून गेली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने मला चहा विचारला.

मी हवेत. संध्याकाळी सासूबाई उठल्या, तोंड धुतलं, म्हणाल्या, "लई दिसांनी झोपले. जावईबापू, रईवारी ही बाज जीपवर टाका. गावाकडं अंगनात घालीन."

झाली का पंचाईत? बाज वाईट झाली असती तर त्या जाणार होत्या. चांगली झाली, तर बाजेसकट जाणार. बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि मी खिशातला लायटर चाचपत राहिलो.

रविवारी पुतण्या आला. आडदांड गडी, काकीला उचलून नेईल असा. सासूबाईंची पिशवी भरून दारात तयार. बाज उचलली आणि खोलीच्या दारात अडकली. मच्छरदाणीचे चार उंच खांब. आडवी केली, उभी केली, तिरकी केली. पुतण्याने खांद्याने ढकलली, चौकटीचा रंग गेला. पलीकडच्या बाजूला मी, घामाघूम. बायको मध्ये कुठेच नव्हती, ती बाल्कनीत जाऊन उभी होती.

"सुटी करा," पुतण्या म्हणाला. "तिकडं जोडू."

तो गाठीशी बसला. नखं लावली, पक्कड लावली, दातही लावले. हिरवा गोळा दगडासारखा.

"दाजी, ही गाठ हाय का वेल्डिंग?"

मी मान खाली घालून आत गेलो आणि माझी जंगलातली सुरी घेऊन आलो. कापली की पाच मिनिटांत सुटणार होतं. धार चांगली होती, पहिल्यांदाच तिला काम मिळत होतं. मी पातं दोरीला लावलं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या पिशवीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कापत्यात ती मसनात. जित्या मानसाच्या बाजंची दोरी सोडवत्यात, कापत न्हाईत."

मला सेक्रेटरी आठवले. तिथे शेवटी कापावीच लागते. मी सुरी मिटली.

"काकी, ह्या गाठी ह्या जन्मात सुटत न्हाईत," पुतण्या म्हणाला.

"तुला कसली घाई? तू हो फुडं. गाठी सुटल्या की येते मी." मग पदर सारखा करत, "आन् कुनी इचारलं तर सांग, बाजलं अडकलंया. लेकीकडं ऱ्हायले न्हाई मी, बाजल्यापायी थांबलेय."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. तो जेवला, आंब्याची पेटी ठेवली आणि रिकामी जीप घेऊन गेला. बायकोने पिशवी आत नेली आणि कपडे परत कपाटात लावले.

तेव्हापासून रोज चहा झाला की सासूबाई बाजेवर बसतात, ब्लाउजची पिन काढतात आणि पायाशी असलेली एक गाठ कोरतात. दुसऱ्या गाठींना हात लावत नाहीत. गावाहून फोन आला की सांगतात, "चाललंया की, सोडवतेच हाय." मग कंटाळून उठतात, बाल्कनीत जातात, विमान बघतात, परत येतात. आम्ही दोघे या घरातले न टेकणारे. त्या गाठ कोरतात आणि मी शेजारी बसून उरलेल्या पोपटी दोरीला गाठी मारतो.

परवा त्या गाठीचा एक पदर खरोखर सुटा झाला. केसाएवढा, पण सुटा. आम्ही दोघांनी बघितला.  सासूबाईंनी तो बोटाने जागेवर दाबून बघितला, राहिना. स्वयंपाकघरात बायकोच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी तिकडे एकदा कान दिला, पिन ब्लाउजला लावली आणि हळूच म्हणाल्या,

"जावईबापू, तुमचं ते लायटर कुठं हाय?"